लहान होडीवर मासळी जिवंत ठेवण्यासाठी प्लास्टिकच्या पिंपाची टाकी करताना कोणता पंप घ्यावा?

आपण विचारले आहे की सोळा फुटी फायबरच्या होडीवर निळ्या प्लास्टिकच्या पिंपाची टाकी बसवून गळाला आमिष म्हणून बोय मासा आणि कोळंबी जिवंत ठेवायची आहे, तर पंप किती क्षमतेचा घ्यावा आणि नळीसाठी पाडलेले भोक गळू नये म्हणून काय लावावे. दोन्हींचे उत्तर देतो. परंतु आपण जे विचारलेले नाही ते अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे टाकीत आलेले पाणी होडीबाहेर कसे जाणार. टाकीचा पंप हा समुद्राचे पाणी सतत होडीत आणणारा पंप असतो, ही गोष्ट टाक्या करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक लक्षात घेतात.

माझी सासुरवाडी पेणच्या खारेपाटातली आहे. त्या भागात घरापुढच्या तळ्यात जिताडा हा मासा वाढवण्याची पद्धत जुनी आहे. खाडीत मिळालेली पिल्ले आणून तळ्यात सोडायची आणि मोठी होऊ द्यायची; जिताडा खाऱ्या पाण्यात राहतो तसा गोड्या पाण्यातही राहतो, म्हणून हे शक्य होते. माझ्या मेहुण्यांनी ही पिल्ले आणण्यासाठी दोनशे लिटरचे पिंप वरून कापून, उभे, होडीच्या नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, ठेवले, कारण तेथे जागा मोकळी होती. पाणी आत आणणारी नळी पाऊण इंची होती आणि बाहेर नेणारीही पाऊण इंचीच. तिच्या तोंडाला पिल्ले निसटू नयेत म्हणून त्यांनी जाळीचा सपाट तुकडा बांधला होता. मी त्याच वेळी म्हटले होते की बाहेरची नळी मोठी हवी. त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले होते : “भावोजी, पंप मोठा घेतला की सगळे प्रश्न मिटतात.”

धरमतरच्या खाडीतून आम्ही परत येत होतो. वीतभर लांबीची चांगली पिल्ले मिळाली होती. पाण्याबरोबर पिंपात आलेले तिवराचे एक पान त्या सपाट जाळीवर जाऊन चिकटले आणि बाहेरची वाट बंद झाली. पंप आपले काम करतच राहिला. पिंप काठोकाठ भरले आणि नंतर पाणी गुपचूप बाजूने ओघळून फळ्यांखाली साचू लागले. इंजिनाच्या आवाजात ते कोणालाही कळले नाही. पायाखालची फळी उचलली गेली आणि पेट्रोलचा डबा जागचा हलला, तेव्हा माझे लक्ष गेले. नेमकी त्याच सुमारास एका भरलेल्या बार्जची लाट बाजूने आली. होडी कलली, आणि नेहमीप्रमाणे झटकन सरळ झाली नाही. कलल्या अवस्थेतच ती थांबून राहिली. तो थांबा मी विसरू शकत नाही. मी बॅटरीवरून पंपाची वायर ओढून काढली. मेहुणे पिंप उलथून रिकामे करायला धावले, त्यांना मी अडवले, कारण ते सगळे पाणी होडीतच सांडले असते. आधी फळ्यांखालचे पाणी उपसले, मग बादलीने पिंपातले पाणी कमी केले. पुष्कळ पिल्ले त्या गडबडीत उडी मारून गेली. मेहुणे आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की दोष त्या पानाचा होता. माझे म्हणणे असे की खाडीत पान येणारच. ते आल्यावर होडीचे काय होईल याचा विचार टाकी करणाऱ्यानेच करायचा असतो.

आता कारणे सांगतो. पंप पाणी जोराने ढकलतो, तर बाहेर जाणारे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने उतरते; म्हणून दोन्ही नळ्या सारख्या असून चालत नाही. आतली नळी पाऊण इंची असेल तर बाहेरची किमान दीड इंची असावी. व्यास दुप्पट झाला की पाण्याला चौपट जागा मिळते. तिच्या तोंडाशी सपाट जाळी न लावता आत वीतभर शिरलेला, सर्व बाजूंनी भोके पाडलेला पाइपाचा तुकडा लावावा, म्हणजे एखादे पान चिकटले तरी उरलेली भोके मोकळी राहतात. या वाटेच्या दोन बोटे वर तशीच दुसरी वाट ठेवावी. दोन्ही नळ्यांना बाहेरपर्यंत सलग उतार असावा, आणि बाहेरचे तोंड होडी पूर्ण भरलेली असतानाही पाण्याच्या रेषेच्या वरच राहिले पाहिजे. पाण्याखाली होडीला भोक पाडण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. पंप काठावरून पाइपाला बांधून पाण्यात सोडता येतो आणि काम झाल्यावर वर घेता येतो. मात्र आतल्या नळीचे तोंड टाकीतील पाण्याच्या वर ठेवावे. बुडवून ठेवले तर पंप बंद होताच पाणी उलट दिशेने बाहेर ओढले जाते.

वजनाचा विचार पंपाच्याही आधी करावा. समुद्राचे पाणी लिटरला एक किलोपेक्षा थोडे जास्त भरते, म्हणजे दोनशे लिटरचे भरलेले पिंप हे तीन माणसांचे वजन आहे, आणि ही तीन माणसे होडी कलली की एकाच बाजूला धावतात. पाण्याचा मोकळा पृष्ठभाग जितका रुंद, तितका धोका वाढतो, आणि तो साधा वाढत नाही : रुंदी दुप्पट झाली की परिणाम आठपट होतो. म्हणून माझे मत असे की शंभर लिटरपेक्षा मोठे पिंप सोळा फुटी होडीवर आणूच नये, आणि ते उभे न ठेवता आडवे, होडीच्या लांबीच्या दिशेने, मध्यभागी, तळाशी पक्के बांधावे. वरच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी कापावी. आडवे पिंप वरपर्यंत भरले की पाण्याचा पृष्ठभाग आपोआप अरुंद होतो. शिवाय पिंपाचे सपाट तोंड आता बाजूला येते, आणि नळीचे भोक तेथेच पाडावे.

येथे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. या पिंपांच्या प्लास्टिकला काहीही कायमचे चिकटत नाही. एपॉक्सीची लुगदी, सिलिकॉन, पाइप जोडण्याचे सोल्युशन, सगळे काही दिवस धरते आणि होडीच्या हादऱ्यांनी पापुद्र्यासारखे सुटते. नळदुरुस्तीच्या दुकानात प्लास्टिकचे टँक निपल, म्हणजे टाकीच्या भोकात बसणारा आटेदार जोड, मिळते, ते आतून घालून बाहेरून नटाने आवळावे आणि मध्ये जाड, मऊ रबराचा वायसर घालावा. ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला वायसर उत्तम बसतो. भोक तापलेल्या सळईने न पाडता होल सॉने, म्हणजे ड्रिलला लावायच्या गोल करवतीने, गोल पाडावे आणि कडेचे बारीक तुसे ब्लेडने साफ करावेत, कारण गळती बहुतेक वेळा त्या तुशांमुळेच होते. पितळेचे निपल टाळावे. तांब्याचा अंश मासळीला आणि विशेषतः कोळंबीला घातक असतो.

पंपाबाबत थोडक्यात सांगतो. ताशी पाचशे गॅलन लिहिलेला बारा व्होल्टचा पंप म्हणजे सुमारे एकोणीसशे लिटर. पाणी वर चढवताना तो त्याहून बराच कमी देतो, तरीही शंभर लिटरच्या टाकीतले पाणी तासाला अनेकदा बदलते. एवढे पुष्कळ आहे. तो साधारण दोन अँपिअर घेतो, म्हणजे सहा तासांत बारा अँपिअर-तास, आणि त्या हिशेबाने बॅटरी घ्यावी. वायरीवर फ्यूज आवश्यक आहे. याहून मोठा पंप लावला तर बोय दिवसभर प्रवाहाविरुद्ध पोहून थकते. ती अशक्त होण्याचे दुसरे कारण उष्णता. गार पाण्यापेक्षा कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते, म्हणून पिंपावर ओले गोणपाट टाकावे आणि खिडकी झाकावी. अंधारात मासा शांत राहतो आणि उडीही मारत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पिंपात पूर्वी आम्ल किंवा कीटकनाशक होते असा संशय जरी असला तरी ते घेऊ नये, कितीही धुतले तरी. जिताड्याची लहान-मोठी पिल्ले एकत्र ठेवू नयेत, मोठे पिल्लू लहानाला गिळते. चिंबोऱ्यांसाठी टाकी करण्याची गरजच नाही, त्या ओल्या गोणपाटात आरामात टिकतात. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातले पाणी जवळजवळ गोडे होते. बाहेर खाऱ्या पाण्यात धरलेली कोळंबी घेऊन तेथे गेल्यास पंप बंद ठेवून तेच पाणी वापरावे आणि हवेचा लहान बॅटरीपंप लावावा.

आणि टाकी तयार झाली की होडी पाण्यात नेण्यापूर्वी काठावरच ती भरून पंप सुरू करावा, बाहेर जाणाऱ्या खालच्या वाटेवर तळहात दाबून धरावा, आणि पाणी वरच्या वाटेने बाहेर पडते की होडीत सांडते ते पाहावे. होडीत सांडत असेल तर पंप कितीही चांगला असो, ती टाकी घेऊन खाडीत जाऊ नये. हेच मी मेहुण्यांना सांगत आलो आहे आणि आपल्यालाही सांगतो.