मागे घसरताना एक पाय उचलला की स्केट आत का वळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाच्या कोर्टावर इनलाइनवर (एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवर) मागे जाता येतं, गुरुग्रामच्या बर्फाच्या रिंकवर दोन्ही पायांवर मागे घसरताही येतं, पण उजवा पाय उचलला की डावा स्केट आतल्या बाजूला वळतो आणि दीड सेकंदात उजवा पाय परत खाली. पुढच्या महिन्यात तीन दिवस बर्फ मिळणार, तोवर गोव्यात काय करायचं?

गडबड पाय उचलण्याआधीच झालेली असते. दोन पायांवर असताना वजन दोन पात्यांच्या (बुटाखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या) मधोमध असतं. ते तिथंच ठेवून उजवा पाय उचलला की शरीर उजवीकडे कलंडतं, डावा घोटा आत पडतो, पातं आतल्या कडेवर जातं. आणि कडेवर गेलेलं पातं वळणारच, त्याचं कामच ते. मग लोक खांदे उलटे फिरवून सरळ जायला बघतात आणि गिरकी घेऊन बसतात.

फिगर स्केटचं पातं साधारण ४ मिलिमीटर जाड असतं, तळाला लांबीभर खोबण आणि खोबणीच्या दोन बाजूंना दोन कडा. सपाट घसरलात तर बर्फावर अगदी जवळजवळ दोन बारीक रेघा उमटतात, कडेवर असाल तर एकच. मागे जाताना तुमची रेघ तुमच्यासमोरच असते, तेव्हा थांबा आणि वाकून बघा. दोनाची एक जिथं झाली, तिथं कंबर पायावरून निसटली. शेजारी खरवडल्यासारखा पांढरा पट्टा असेल, किंवा खर्रर्र आवाज येत असेल, तर पात्याच्या पुढच्या टोकाचे दात टेकतायत. हे सगळं रिंक नुकतीच साफ झालेली असताना नीट दिसतं, नंतर रेघांचा नुसता गुंता.

आता क्रम. दोन-तीन स्विझल (दोन्ही पाय एकदम बाहेर फाकवून परत जवळ आणणं) मारून भरभर चालण्याइतका वेग घ्या. फार हळू असाल तर सायकलसारखाच तोल डुगडुगतो. पाय समांतर, मध्ये चार बोटांचं अंतर. दोन्ही गुडघे इतके वाकवा की नडगी बुटाच्या जिभेला टेकेल. मग उजवा पाय बर्फावरच ठेवून कंबर आडवी डावीकडे सरकवा, बेंबी डाव्या बुटाच्या लेसवर येईपर्यंत. उजव्या पायाखाली काही भारच उरला नाही असं वाटलं, की टाच आधी, मग चवडा, असा पाय दोन बोटं उंच उचला. पाय डाव्या घोट्याजवळच, किंचित पुढे. मागे लांब नेऊ नका, तो ओढून वळवतो. हात कमरेच्या उंचीवर, थोडे पुढे, दोन्ही खांदे आणि कंबर एका रेषेत. मागे कोण आहे ते पाय उचलण्याआधी बघून घ्या; घसरताना मान वळवली की खांदा वळतो आणि खांद्यामागे पातं.

वजन पुढे-मागे कुठं, हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. पातं सरळ नसतं, त्याला ७ ते ८ फूट त्रिज्येचा बाक असतो, म्हणजे एका वेळी थोडाच भाग टेकतो. मागे जाताना वजन चवड्याच्या मागच्या फुगीर भागावर हवं. त्याच्या पुढे गेलात तर दात लागून वेग मरतो, फारसं बिघडत नाही. टाचेवर गेलात तर मात्र पाय पुढे निसटून पाठीवर पडाल. म्हणून हेल्मेट घालाच, आणि पडतोय असं वाटलं की हनुवटी छातीला लावून एका कुल्ल्यावर बसा.

पहिलं लक्ष्य स्वतःच्या उंचीएवढं अंतर. दुबळ्या पायाचा सराव आधी करा, दमल्यावर तो शिकत नाही. सार्वजनिक वेळेत हे रिंकच्या मधल्या भागात करा, कडेच्या गर्दीच्या ओघात नको. भाड्याचे स्केट असतील तर लेस घोट्याशी घट्ट आणि बोटांशी सैल बांधा. टाच आत उचलली जात असेल तर दुसरा नंबर मागा. कड बोथट आहे का ते नखाची पाठ हलकेच आडवी घासून कळतं, धार असेल तर नखाचा भुगा निघायला हवा.

घरी लाल कोब्यावर किंवा बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) अनवाणी उभं राहून हेच वजन सरकवणं रोज पाच मिनिटं करा, आरशासमोर. कमरेची उंची बदलू द्यायची नाही. वीस सेकंद स्थिर जमलं की घडी घातलेल्या टॉवेलवर. इनलाइनवरही सराव चालतो, फक्त मागचा ब्रेक काढा. वजन टाचेकडे गेलं की तो टेकून आपटवतो. इनलाइनच्या चाकाला पात्याच्या कडेसारखा चावा नसतो, त्यामुळे आतला कल तिथं लपतो आणि सगळं ठीक वाटतं. पावसाळ्यात ओल्या कोर्टावर उतरूच नका, चाकं सटकतात आणि बेअरिंग गंजतात.

स्वतःचे आइस स्केट असतील तर गोव्याच्या दमट, खारट हवेत पात्याचीही तीच गत. रिंकवरून निघताना पातं कोरडं पुसा आणि विमानात बॅगेत टाकताना कापडी कव्हर घाला. प्लास्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते; त्यात ओल अडकते आणि म्हापशाला पोचेपर्यंत कडेवर तांबूस ठिपके आलेले असतात.