बर्फी सासूबाईंपाशीच का बसते?

«मावशी, आमची बर्फी ९ महिन्यांची कॉकर स्पॅनियल. दोन महिन्यांची होती तेव्हा आणली. सगळी इंजेक्शनं होईपर्यंत खाली नेऊ नका असं सांगितलं होतं, म्हणून चार महिन्यांची होईस्तोवर ती फ्लॅटच्या बाहेर पडलीच नाही. आता बेल वाजली की दिवाणाखाली. कुणी लाडानं वाकलं की जागच्या जागी सू. तान्हा पोळ्याला सोसायटीतली पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आली. एका मुलीनं तिच्या डोक्यावरून, कानावरून हात फिरवला आणि ही गुरगुरून अंगावर गेली. दात लागला नाही, पण सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुत्रं काढा’ सुरू झालंय. नवरा म्हणतो, रोज दहा माणसांना भेटव, भीती मोडेल. सासूबाईंना कुत्रं मुळीच आवडत नाही, तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. आणि ही बया दुपारभर त्यांच्याच पायाशी पडून असते! दिवाळीत घर पाहुण्यांनी भरेल. तिला माणसाळवू कशी?»
— एक वैतागलेली, त्रिमूर्ती नगर, नागपूर

अगं वैतागलेले,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच पत्रात लिहून ठेवलंयस, फक्त तक्रार म्हणून लिहिलंयस. त्याकडे येतेच. आधी तिचे कान.

स्पॅनियलचे कान लांब, जड आणि केसाळ. आत हवा खेळत नाही, ओल राहते, त्यात आपला पावसाळा. कानाचं इन्फेक्शन या जातीच्या पाचवीलाच पुजलेलं असतं. कान ठणकत असेल आणि कुणी नेमका त्यावरूनच हात फिरवला तर तू काय करशील? म्हणून बाकी सगळं नंतर, या आठवड्यात डॉक्टरकडे जा. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नाहीतर तुमचे नेहमीचे डॉक्टर. ‘डोक्याला हात लावल्यावर अंगावर गेली, कान आतून बघा’ असं स्पष्ट सांग. कानाला वास येतो का, ती डोकं झटकते का, सोफ्याला कान घासते का, हे घरी बघून जा. दुखणं असेल तर ते बरं होईपर्यंत कुठलीही शिकवणी लागू पडणार नाही.

कान ठीक निघाले, तर मग भीती. पिल्लाच्या आयुष्यात साधारण ३ ते १४ आठवडे हा काळ असा असतो की तेव्हा जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला पुढे जन्मभर ‘आपल्यातलं’ वाटतं. बर्फीनं तुमच्याकडे आल्यावर त्या काळात चार भिंती, कूलरचा आवाज आणि तुम्ही तिघं एवढंच जग पाहिलं. इंजेक्शनांबद्दल ज्यांनी सांगितलं ते चुकीचं नव्हतं. पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लं घेऊन जातो, त्याची भीती खरीच आहे. फक्त जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन तिला गोकुळपेठच्या बाजाराच्या कडेला उभं राहता आलं असतं. ते झालं नाही. आता त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडत बसू नकोस, स्वतःच्याही. ती खिडकी बंद झाली म्हणजे दार बंद झालं असं नाही. वेळ मात्र जास्त लागेल.

नवऱ्याचा सल्ला मीही एकदा ऐकला होता, म्हणजे माझा मलाच. आमच्या पहिल्या कुत्र्याची भीती घालवायची म्हणून रविवारी संध्याकाळी मी त्याला थेट फुटाळा तलावावर नेला. गर्दी, कणसं भाजणाऱ्यांच्या गाड्या, फुगेवाले, आणि दर दोन मिनिटाला कुणीतरी ‘चावते का हो हा?’ विचारत हात पुढे करतंय. अर्ध्या तासात तो इतका थरथरायला लागला की घरी उचलून आणावा लागला, आणि पुढे महिनाभर गाडीत बसायलाही तयार नाही. दहा माणसांना भेटवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला अंबाझरीत ढकलणं. एखादा शिकतो, बाकीचे आयुष्यभर पाण्याला घाबरतात.

आता सासूबाई. बर्फी त्यांच्याच पायाशी का बसते? कारण त्या बघत नाहीत, वाकत नाहीत, ‘अले माझं बाळ’ म्हणून अंगावर झेपावत नाहीत. अख्ख्या घरात त्या एकट्याच तिच्याकडून काही मागत नाहीत. घाबरट कुत्र्याला माणूस असाच लागतो. माणसाळणं म्हणजे येईल त्याच्या मांडीवर चढणं नव्हे गं. माणसं असताना आपल्या जागी निवांत पडून राहता येणं, एवढंच. तुला पाहुण्यांपैकी प्रत्येकाची सासूबाई करायची आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सांगते. पाहुणा आला की त्याला दारातच सांगायचं: तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात तर नाहीच. बसा, चहा घ्या. बर्फीला आतल्या खोलीत किंवा लांब, सैल पट्ट्यावर ठेव. पाहुण्यानं अधूनमधून तिच्या दिशेनं उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा टाकायचा, आणि तोही तिच्या मागच्या बाजूला, म्हणजे घ्यायला तिला पाहुण्यापासून लांबच जावं लागेल. हे उलटं वाटतं, पण यानंच काम होतं. खाऊसाठी जवळ यावं लागलं की कुत्रं अर्ध्या वाटेत घाबरून अडकतं. स्वतःहून येऊन हुंगलं तरी पाहुण्यानं हलायचं नाही. दोन-तीन भेटींनंतर तिनं अंग टेकवलं, तर छातीपाशी खालून तीन सेकंद खाजवायचं आणि थांबायचं. पुन्हा जवळ आली तर पुढे, नाही आली तर नाही. डोक्यावरून हात कुणीच फिरवायचा नाही.

सू झाली तर रागावू नकोस. ‘मला मारू नका, मी लहान आहे’ असं ती अंगानं सांगत असते. रागावलं की आणखी सांगते. गुपचूप पुसून घे.

आणि गुरगुरण्याबद्दल तिला कधीच मारू नका, हे नवऱ्यालाही सांग. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी सूचना न देता दातच लागेल. त्याआधीच्या खुणा तू शिकून घे: ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड फिरवून डोळ्यांच्या कडेनं पांढरं दाखवत बघणं. त्या मुलीनं हात पुढे केला तेव्हा यातलं काहीतरी नक्की झालं असणार, पोरांच्या गडबडीत कुणी पाहिलं नसेल.

बाहेर नेताना सकाळी सहाच्या आत ने. आत्ता ऑक्टोबरचं ऊन आहे, उन्हाळ्यात तर नागपूरचा डांबरी रस्ता तळवे भाजतो. हाताची पालथी बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर तिलाही नेऊ नकोस. फिरताना ओढू नको, हुंगू दे. कॉकर हे नाव वुडकॉक नावाच्या पक्ष्यावरून आलं. झुडपात नाक खुपसून पक्षी उठवायचे म्हणून ही जात घडवली. नाक खाली गेलं की तिचा जीव शांत होतो. घरातही टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लाव, वीस मिनिटांतही छान दमेल. गल्लीतल्या कुत्र्यांशी ओळख करून द्यायची घाई नको. लांबून गेलं, खाऊ दिला, पुढे गेलं. पावसाळ्यानंतर गोचीडही बघत जा.

त्या मुलीच्या आईकडे तू स्वतः जा. ग्रुपवर माफी मागू नकोस, दारात उभी राहून माग, बर्फीला न घेता. कुठल्याही मुलाला कधी ओरखडा जरी उठला तरी साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून लगेच डॉक्टरकडे न्यायचं, हे तुलाही माहीत असू दे. सोसायटीला ‘कुत्रं काढा’ असं म्हणता येत नाही. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना आहेत तशा. पण कायदा दाखवून शेजार मिळत नाही. लिफ्टमध्ये पट्टा आखूड धर, गर्दी असेल तर पुढची लिफ्ट घे, घाण उचल. लोक विसरतात.

दिवाळीला अजून थोडे दिवस आहेत. आजपासून जेवताना फोनवर फटाक्यांचा आवाज इतका बारीक लाव की तिचा कानही हलू नये. काही दिवसांनी एक काडी वाढव. खाणं थांबलं की आवाज कमी कर. लक्ष्मीपूजनाला अंधार पडायच्या आत फिरवून आण, मग आतली खोली, बंद खिडक्या, पंखा, टीव्ही. फार थरथरत असेल तर औषधाचं डॉक्टरांना आत्ताच विचार, ऐन रात्री नको. फराळाची ताटं उंच ठेव. मनुका, चॉकलेट आणि कांदा-लसूण तिच्या पोटात जाता कामा नये. आणि या दिवाळीत तिची कुणाशी ओळख करून द्यायचीच नाही. ती आतच बरी.

फक्त सासूबाईंची खुर्ची त्या आतल्या खोलीत ठेवता आली तर बघ. त्यांना काही करायला सांगू नकोस, ‘तिला सांभाळा’ तर मुळीच नको. पोथी वाचू देत, वाती वळू देत. आणि सहज एकदा बघून मला कळव: दुपारी बर्फी पायाशी येऊन पडते, तेव्हा त्या पाय बाजूला घेतात का?

तुझी मावशी