'विच' कॉमिकची निर्माती आणि 'फेअरी ओक'ची लेखिका एकच आहे का?

होय, दोन्ही एलिझाबेत्ता न्योने यांचीच. जेनोवात १९६५ साली जन्मलेल्या न्योने आधी डिस्नेच्या इटलीतल्या मुलांच्या मासिकांत काम करत. 'विच'ची कल्पना तिथलीच. एप्रिल २००१ मध्ये पहिला अंक आला. नाव (W.I.T.C.H.) पाच नायिकांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून: विल, इर्मा, तारानी, कॉर्नेलिया, हे लिन. पण सगळं श्रेय एकट्या न्योनेंना देणं अन्यायाचं ठरेल. पात्रांचं देखणं रूप चित्रकार अलेस्सांद्रो बार्बुच्ची आणि बार्बरा कानेपा यांचं, आणि बऱ्याच अंकांच्या पटकथा इतरांच्या. २००५ पासूनची 'फेअरी ओक' ही कादंबरीमालिका मात्र त्यांच्याच लेखणीची, तशीच २०१५ ची कागदी मुलीची गोष्ट 'ओल्गा दि कार्ता'. लेखिका म्हणून त्या खऱ्या भेटतात त्या या कादंबऱ्यांत.