शेंगाचटणीच्या लेबलाला हस्ताक्षरी फॉन्ट

चटणीच्या पाकिटावर 'कलम' हा फॉन्ट शोभेल. घरगुती मालाला मोकळं, किंचित तिरपं अक्षर जवळचं वाटतं. फुकट आहे, लाइट, रेग्युलर, बोल्ड असे तीन प्रकार मिळतात. पण नावापुरताच वापरा. वजन, किंमत, घटक साध्या फॉन्टमध्येच. 6-7 पॉइंटला हस्ताक्षरी वळणं गिचमिड होतात. अक्षरांतलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते (नवखे हमखास इथेच फसतात). आधी 'कडक भाकऱ्या' टाइप करून बघा. 'ऱ्या' नीट जुळला नाही तर फॉन्ट बदला. सोलापुरात छपाईवाल्याला फाइल देण्याआधी कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसते रेखीव आकार) करा, नाहीतर त्याच्याकडे तो फॉन्ट नसला की वेलांट्या भलतीकडे उड्या मारतात. मूळ फाइल वेगळी ठेवा. कर्व्ह केल्यावर किंमतसुद्धा टाइप करून बदलता येत नाही.