समुद्री टाकीत फॉस्फेट आणि कार्बनचे रिॲक्टर कसे बसवायचे?

तुम्ही लिहिलंय की टाकी धुळ्यात आहे, 200 लिटरची, फॉस्फेट 0.28 पीपीएम येतंय, काच पुसली की दोन दिवसांत पुन्हा हिरवी होते, आणि हाताशी एकच रिॲक्टर (आत माल भरून त्यातून पाणी फिरवायचं नळकांडं) आहे. त्यात जीएफओ (फॉस्फेट धरणारे दाणे) आणि कार्बन (पाण्याचा पिवळेपणा काढणारा कोळसा) एकत्र भरू का, हा तुमचा प्रश्न. भरू नका. मी जळगावात चार फुटी कोरल टाकी सात वर्षं सांभाळतोय, आणि पहिल्या वर्षी नेमकं हेच केलं होतं.

दोन्ही मालांचा स्वभाव उलटा आहे. जीएफओ म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे दाणे. फॉस्फेट त्यांच्या पृष्ठभागाला धरून बसतं. दाणे निपचित पडून राहिले की एकमेकांत चिकटून त्यांची वीट होते, पाणी कुठल्या तरी फटीतून निघून जातं आणि निम्मा माल कामाला लागतच नाही. म्हणून खालून वर जाणारा हलका प्रवाह द्यायचा. आधणात तांदूळ नुकते हलायला लागतात ना, वरचा थर तेवढाच हलला पाहिजे. खळखळ उकळी आल्यासारखे उडायला लागले तर दाणे घासून त्यांची भुकटी होते. कार्बन मात्र जागचा हलताच कामा नये. दोन स्पंजांमध्ये तो अलगद दाबून बसवायचा. हलला की त्याची काळी धूळ टाकीभर फिरते, आणि टँग माशांच्या डोक्याची व अंगावरच्या रेषेची कातडी झिजण्याचा जो आजार आहे, त्याचा संबंध या धुळीशी जोडला गेलाय. एका नळकांड्यात दोघांना एकाच वेळी योग्य प्रवाह देणं जमत नाही.

आणखी एक छोटा रिॲक्टर घ्या. पंपानंतर टी लावून दोन फाटे काढा आणि प्रत्येक फाट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह द्या. व्हॉल्व्ह आत येणाऱ्या बाजूला लावा, म्हणजे नळकांड्यावर दाब राहत नाही आणि झाकणाच्या रिंगमधून गळती होत नाही. बाहेर येणारं पाणी सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) उघडं पडू द्या, म्हणजे तिथे मापाचा मग धरून प्रवाह मोजता येतो. माझ्या जीएफओच्या फाट्याला 1 लिटर भरायला साधारण 25 सेकंद लागतात. पाणी स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कप्प्यातून किंवा सॉकमधून (गाळणीच्या कापडी पिशवीतून) गाळून आलेलं असावं, नाहीतर स्पंज आठवड्यात तुंबतो. रिॲक्टर सम्पच्या वरच टांगा. गळलाच तर पाणी सम्पमध्येच पडेल.

यासाठी लागणारे सुटे भाग आपल्या खान्देशात सहज मिळतात, कारण गावोगावी ठिबकची दुकानं आहेत. 16 एमएमची नळी, कॉक, टी, जॉइनर, सगळं प्लास्टिकचं आणि स्वस्त. दोन गोष्टी मात्र पाळा. पितळेचं काहीही घेऊ नका, त्यातलं तांबं कोरल आणि कोळंबीला मारतं. आणि केळीच्या किंवा कपाशीच्या शेतातली जुनी नळी घरी आणू नका. तिच्यातून 12:61:00 सोडलेलं असतं. त्या खताच्या नावातला 61 हा आकडा फॉस्फेटचाच आहे. जे काढायला निघालात तेच टाकीत घालाल.

माल धुतल्याशिवाय जोडू नका. जीएफओचं पहिलं पाणी गेरूसारखं लाल निघतं, कार्बनचं काजळीसारखं काळं. रिॲक्टर भरा, बाहेर येणारी नळी बादलीत सोडा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत आरओच्या पाण्याने चालवा. जीएफओ हाताने चोळू नका, दाणे फुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डब्यावर लिहिलेली मात्रा पूर्ण घालू नका. मी घातली होती. फॉस्फेट 0.35 वरून चार दिवसांत 0.04 वर आलं, आकडा बघून मला फार आनंद झाला, आणि आठव्या दिवशी ॲक्रोपोरा नावाच्या कोरलच्या बुडापासून कातडी सुटायला लागली. तीन वसाहती गेल्या. त्यातली एक मी सुपारीएवढ्या तुकड्यापासून वाढवली होती. अजूनही तो दिवस आठवला की वाईट वाटतं, म्हणून कळकळीने सांगतोय: तिसऱ्या हिश्शापासून सुरुवात करा, दर तीन दिवसांनी मोजा, आणि 0.28 वरून 0.08 च्या आसपास यायला महिना, दीड महिना लागू द्या. शून्यावर नेऊच नका. कोरललाही फॉस्फेट लागतं, आणि पार उपाशी टाकीत डायनो नावाचं तपकिरी, बुडबुडेवालं शेवाळ माजतं. नवा जीएफओ केएचसुद्धा (पाण्याची अल्कलिनिटी) थोडा खाली ओढतो, तोही बघत राहा.

सुरुवातीला आकडा उतरून पुन्हा चढेल. घाबरू नका. इतके दिवस दगडांनी फॉस्फेट पिऊन ठेवलेलं असतं, ते हळूहळू परत सोडतात. माल संपला का, हे ओळखायला टाकीतलं आणि रिॲक्टरमधून बाहेर पडणारं पाणी वेगवेगळं तपासा. दोन्ही आकडे सारखे आले की बदला. कार्बन तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. पाणी पिवळट असेल तर पहिल्यांदा थोडाच घाला, कारण पाणी एकदम नितळ झालं की कोरलवर प्रकाश अचानक वाढतो.

पण रिॲक्टर जोडण्याआधी टॉप-ऑफचं, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायचं पाणी तपासा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, पंखे लावलेल्या माझ्या टाकीतून रोज 6-7 लिटर पाणी उडतं. उडतं ते निव्वळ पाणी. भरलेल्या पाण्यातलं बाकी सगळं मागे साठत राहतं. स्वयंपाकघरातल्या आरओला चवीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर असतो, तो कच्चं पाणी परत मिसळतो. बोअरच्या पाण्यातली सिलिकेटही जीएफओ धरतो, म्हणजे महागडा माल फॉस्फेटपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार काढणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडा आणि टीडीएस मीटरवर 0 आल्याशिवाय पाणी वापरू नका.

लोडशेडिंगचं एक ध्यानात ठेवा. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप) ठेवा, रिॲक्टर नको. वीज चार-पाच तास गेली तर नळकांड्यातलं साचलेलं पाणी ऑक्सिजनविना खराब होतं. वीज आल्यावर ते तसंच टाकीत जाऊ देऊ नका. आधी नळी बादलीत धरा, दोन-तीन लिटर पाणी जाऊ द्या, मग सम्पमध्ये सोडा. आपण घरी नसताना वीज येण्याची भीती असेल तर रिॲक्टरच्या पंपाचा प्लग काढूनच बाहेर पडा.

टॉप-ऑफच्या पाण्याचा टीडीएस आणि टाकीत कोणते कोरल आहेत ते कळवा, मग मात्रेचा हिशेब बसवून सांगतो.