कमांडचं पुस्तक टर्मिनलमध्येच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

छपाईबद्दल आधी एक सूचना. या पानावर कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडा लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच. मोठं अक्षर लागेल तिथं तसं लिहिलं आहे. मॅन म्हणजे एम-ए-एन, कुठल्याही कमांडचं माहितीचं पान (मॅनपेज) दाखवणारी कमांड. कीबोर्ड मराठीवर राहिला तर टर्मिनल 'कमांड नॉट फाउंड' म्हणणारच.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये उबुंटू लिनक्स आहे. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मोबाइल बाहेर ठेवावा लागतो आणि नेट बंद असतं. सर म्हणतात, "मॅन लावून बघ." मी मॅन एलएस टाइप केलं तर पानंच्या पानं इंग्रजी आली. त्यातून बाहेर कसं यायचं तेही कळेना, शेवटी खिडकीच बंद केली. हे वाचायचं कसं?
— पॉलिटेक्निकची विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : बाहेर यायला क्यू दाबा, बस्स. मॅन फक्त पान तयार करतं आणि दाखवायचं काम 'लेस' नावाच्या प्रोग्रामवर सोपवतं, म्हणून इथं कळा लेसच्या चालतात. स्पेसबारने एक स्क्रीन पुढं, बी ने मागं, लहान जी ने पहिली ओळ, मोठ्या जी ने शेवटची. एच दाबलं की सगळ्या कळांची यादी येते, तिथूनही क्यू.

मॅनपेज शब्दकोशासारखं वापरायचं. पारायण करायला बसलात तर परीक्षेची वेळ संपेल. समजा फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएसमध्ये 'आर' हा ऑप्शन काय करतो ते हवंय. / दाबून नुसतं -आर लिहिलं तर पानात जिथं जिथं डॅशनंतर आर आलाय तिथं तिथं थांबत बसाल. त्याऐवजी / नंतर ^ हे टोपीचं चिन्ह, मग एक स्पेस, मग *, मग -आर असं लिहून एंटर करा. अर्थ असा की ओळीच्या सुरुवातीला कितीही मोकळी जागा असो, त्यानंतर लगेच -आर हवा. आता थेट ऑप्शनच्या व्याख्येवर पोचाल. पुढच्या जागी जायला एन, मागच्या जागी जायला मोठा एन. उबुंटूवर मॅनमध्ये लहान अक्षरात शोधलं तर लहान-मोठं दोन्ही सापडतं. मोठं लिहिलं तर फक्त मोठं. एलएसमध्ये हा फरक जपायलाच हवा, कारण लहान आर यादी उलटी लावतो आणि मोठा आर आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरतो.

सगळ्यात जास्त माहिती 'सिनॉप्सिस' या मथळ्याखालच्या दोन-तीन ओळींत असते, आणि मुलं नेमक्या त्याच गाळतात. तिथं चौकोनी कंसात असेल ते दिलं नाही तरी चालतं. कंसाबाहेरचं द्यावंच लागतं. तीन टिंबं म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा देता येते. उभी रेघ म्हणजे दोहोंपैकी एकच. सीपीचं पान उघडून पाहा, तिथं तीन ओळी आहेत. पहिलीत 'सोर्स' आणि 'डेस्ट', दोन्ही एकेकच: एका फाइलची एक नक्कल. दुसरीत 'सोर्स' पुढे तीन टिंबं आणि शेवटी 'डिरेक्टरी': फाइली कितीही द्या, पण मग शेवटचं नाव फोल्डरचंच हवं. तीन फाइली देऊन शेवटी फाइलचं नाव लिहिलं की सीपी का अडतं, त्याचं उत्तर या एका ओळीत आहे. तिसरीत -टी लावून फोल्डर आधी सांगायची सोय आहे.

मांडणी नवी नाही. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी केलेल्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. नेम, सिनॉप्सिस, डिस्क्रिप्शन, फाइल्स, सी ऑल्सो हे मथळे त्यातही आहेत, आणि 'बग्ज' सुद्धा. आपल्या प्रोग्रामचे दोष आपणच लिहून ठेवायची ही चाल आम्हाला फार आवडते. अडलात तर तो मथळाही बघत जा.

प्रश्न : कमांडचं नावच माहीत नसेल तर मॅनला विचारायचं काय? कोणतं फोल्डर किती जागा खातंय ते बघायचं होतं. मॅन -के डिस्क केलं तर ढीगभर नावं आली, कामाचं काहीच नाही.
— परभणी

उत्तर : मॅन -के पूर्ण पान वाचत नाही. अप्रोपॉस ही कमांडही तेच काम करते. दोन्ही फक्त कमांडचं नाव आणि त्यापुढची एक ओळ तपासतात. तुम्हाला हवी ती कमांड डीयू. तिची ओळ आहे 'एस्टिमेट फाइल स्पेस युसेज', आणि तीत डिस्क हा शब्दच नाही! म्हणून मॅन -के नंतर अवतरण चिन्हांत "स्पेस युसेज" लिहा. डीयू सापडेल आणि तिची बहीण डीएफही.

युक्ती एवढीच, की लिहिणाऱ्याने कोणता शब्द वापरला असेल याचा अंदाज घ्यायचा. पुसायचं असेल तर डिलीटवर अडून न राहता रिमूव्ह करून पाहा; आरएमच्या ओळीत रिमूव्ह आहे. यादी लांबली तर -एस १ जोडा, म्हणजे फक्त सामान्य कमांडा उरतील. तरी हाती काही लागलं नाही तर मोठा के: मॅन -के (मोठा) आणि शब्द. हा पानंच्या पानं आतून शोधतो, त्यामुळे वेळ घेतो आणि एकेक पान उघडायचं का ते विचारत जातो.

प्रत्येक शब्दाला 'नथिंग ॲप्रोप्रिएट' असंच उत्तर येत असेल तर शब्द बदलून उपयोग नाही. शोधाची सूची तयार झालेली नाही. सुडो मॅनडीबी एकदा चालवा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने).

प्रश्न : मोंढ्यात आडत दुकानाचा हिशेब लिनक्सवर ठेवतो. रोज रात्री साडेनऊला बॅकअप व्हावा म्हणून क्रॉनटॅब शिकायलो. मॅन क्रॉनटॅब वाचलं, पण वेळ कशी लिहायची ते त्यात कुठंच नाही.
— नांदेड

उत्तर : तुम्ही वाचलेलं पान बरोबर होतं, फक्त खंड चुकला. मॅन्युअलचे आठ खंड आहेत. १ रोजच्या कमांडा, २ सिस्टम कॉल, ३ लायब्ररीतली फंक्शनं, ४ उपकरणांच्या फाइली, ५ फाइली आतून कशा लिहायच्या ते, ६ खेळ, ७ इकडचं-तिकडचं, ८ ॲडमिनच्या कमांडा. एकच नाव दोन खंडांत असलं तर मॅन आधी सापडेल ते दाखवतं. क्रॉनटॅब ही कमांडही आहे आणि त्याच नावाची फाइलही. वेळेचं सगळं फाइलच्या पानात. मॅन ५ क्रॉनटॅब असं विचारा. कोणत्या नावाची किती पानं आहेत ते मॅन -एफ सांगतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात कंसात जो आकडा दिसतो तो हाच खंड.

तुमची वेळ अशी लिहायची: ३० २१ * * * आणि पुढे कमांड. क्रम मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मिनिट आधी येतं, इथंच बहुतेकांची चूक होते. २१ ३० लिहिलंत तर तिसावा तास कुठून आणणार?

त्याच पानातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. बॅकअपच्या नावात तारीख घालायला लोक डेट +%एफ (मोठा एफ) लिहितात. टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये मोडतं, कारण क्रॉन (क्रॉनटॅबमधली कामं वेळेवर चालवणारा प्रोग्राम) % ला ओळीचा शेवट समजतं आणि पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून देतं. % च्या आधी उलटी तिरपी रेघ \ द्या. दुसरं, तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालतं. ० २१ १ * १ म्हणजे 'एक तारखेला सोमवार आला तर' असं नाही. दर एक तारखेला आणि शिवाय दर सोमवारी.

प्रश्न : टार -सीएफझेड बॅकअप.टार.जीझेड हिशेब असं दिलं. 'बॅकअप.टार.जीझेड सापडत नाही' अशी तक्रार आली. अहो, तीच फाइल तर बनवायची आहे!
— लातूर

उत्तर : टार फाइलींचं एक गाठोडं बांधतं आणि झेड ऑप्शन ते दाबून लहान करतो. फोल्डरात झेड नावाची एक फाइल पडलेली असेल. तोच तुमचा बॅकअप, न दाबलेला. एफ या ऑप्शनला फाइलचं नाव लागतं, आणि डॅश दिला की एफच्या लगेच पुढचं जे काही असेल तेच नाव धरलं जातं. पुढे होता झेड. मग बॅकअप.टार.जीझेड ही 'आत भरायची वस्तू' ठरली, आणि ती नव्हतीच. -सीझेडएफ लिहा, एफ शेवटी.

गंमत म्हणजे डॅश न देता सीएफझेड लिहिलं असतं तर चाललं असतं. जुन्या पद्धतीत सगळी अक्षरं आधी आणि त्यांची नावं मागून क्रमानं येतात. मॅन टारमध्ये सुरुवातीलाच ऑप्शन लिहिण्याच्या तिन्ही पद्धती समजावल्या आहेत; कुणाची तयार ओळ उचलण्याआधी तेवढा भाग वाचा.

मदत मागताना --हेल्प असं पूर्ण लिहायची सवयही लावा. -एच म्हणजे दर वेळी हेल्प नसतं. एलएस आणि डीयूमध्ये ते आकडे के, एममध्ये दाखवतं, मजकूर शोधणाऱ्या ग्रेपमध्ये फाइलचं नाव लपवतं, आणि शटडाउनला दिलंत तर मशीन बंद करायला घेतं. --हेल्पचा मजकूर भराभर वर निघून गेला तर पुढे | लेस जोडा. तरीही पळाला तर मजकूर चुकांच्या वाटेने येतोय; लेसच्या उभ्या रेघेआधी २>&१ घाला.

प्रश्न : मॅन सीडी केलं तर 'नो मॅन्युअल एंट्री'. सीडीसारख्या कमांडचं पान नाही?
— जालना

उत्तर : सीडी हा वेगळा प्रोग्राम नाही, ती बॅशच्या, म्हणजे तुम्ही टाइप केलेल्या कमांडा चालवणाऱ्या शेलच्या, पोटातच आहे. हेल्प सीडी असं विचारा. एखादी कमांड आतली की बाहेरची हे 'टाइप सीडी' ही कमांड सांगेल (टाइप म्हणजे टी-वाय-पी-ई): 'शेल बिल्टइन' आलं की हेल्प, फाइलचा पत्ता आला की मॅन. एक्स्पोर्ट, एलियास, रीड याही आतल्याच.

प्रश्न : डॉकरमधल्या उबुंटूत मॅन चालवलं की 'सिस्टम मिनिमाइज्ड आहे' असं येतं. शिवाय माझ्या लॅपटॉपवर मॅन ३ प्रिंटएफ मिळत नाही, मॅन प्रिंटएफ मात्र मिळतं.
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डॉकर प्रोग्रामांना कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवतं. त्या डब्यांच्या तयार प्रतिमा लहान राहाव्यात म्हणून त्यांतून मॅनपेज काढून टाकलेली असतात. अनमिनिमाइज ही कमांड ती परत आणते. काही नव्या आवृत्त्यांत आधी त्याच नावाचं पॅकेज घ्यावं लागतं. पण कंटेनर कशाला फुगवता? बाहेरच्या उबुंटूवरच पान वाचा, फक्त दोन्हीकडची आवृत्ती --व्हर्जनने जुळवून घ्या.

लॅपटॉपवर दिसतं ते प्रिंटएफ या कमांडचं पान, खंड १. सी भाषेचं खंड ३ मध्ये, आणि ती पानं वेगळ्या पॅकेजात येतात: सुडो एपीटी इन्स्टॉल मॅनपेजेस-डेव्ह.

प्रश्न : नेटवर मिळालेली सेड -आय ची ओळ माझ्या उबुंटूवर चालते, मित्राच्या मॅकवर चूक दाखवते. ओळ तर तीच आहे.
— उदगीर

उत्तर : सेड मात्र तेच नाही. सेड ही फाइलीतला मजकूर बदलणारी कमांड, आणि मॅकवरचं सेड बीएसडी या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातलं. त्यात -आय नंतर जुन्या फाइलच्या नकलेची शेपटी सांगावीच लागते. नको असेल तर रिकामी अवतरण चिन्हं '' द्यायची. उबुंटूवर ती ऐच्छिक आहे. म्हणून ज्या मशीनवर काम, त्याच मशीनचं मॅन. ते तिथं बसवलेल्या प्रोग्रामबरोबर येतं, नेटवरचा लेख कुठल्या मशीनवर लिहिला ते कळत नाही.

प्रश्न : शाळेत विंडोज आहे आणि नेट कधी असतं, कधी नसतं. तिथं असं काही आहे का?
— संगणक शिक्षक, कळंब

उत्तर : साध्या कमांड प्रॉम्प्टवर कमांडपुढे /? लिहा, जसं डिर /?. पॉवरशेलमध्ये गेट-हेल्प आणि कमांडचं नाव. शेवटी -एक्झाम्पल्स जोडलं की फक्त उदाहरणं येतात, मुलांना तीच पुरतात. पूर्ण मजकूर विंडोजबरोबर येत नाही, तो अपडेट-हेल्पने एकदा उतरवावा लागतो, तोही 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून. नेट असलेल्या एका मशीनवर सेव्ह-हेल्प -डेस्टिनेशनपाथ देऊन पेनड्राइव्हवर घ्या आणि बाकीच्यांवर अपडेट-हेल्प -सोर्सपाथ देऊन भरा. सगळीकडे पॉवरशेलची आवृत्ती एकच असू द्या.

प्रश्न : लाइट गेली की सगळंच बंद. मॅनपेज कागदावर काढता येतं?
— हिंगोली

उत्तर : येतं. मॅन टार > टार.टीएक्सटी एवढं पुरे. ओळी कागदाबाहेर जात असतील तर त्याआधी मॅनविड्थ=७२ लिहा, मॅनविड्थ सगळं मोठ्या अक्षरांत आणि = च्या आजूबाजूला जागा न सोडता. छापायच्या आधी किती पानं होतात ते बघा. बॅशचं मॅनपेज छापायला घेतलंत तर बराच कागद जाईल.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलेली कमांड चिकटवली की चालत नाही, हातानं तीच टाइप केली की चालते.
— बीड

उत्तर : वाटेत कुठंतरी दोन डॅशची एक लांब रेघ झाली आहे आणि सरळ अवतरण चिन्हं वाकडी झाली आहेत. डोळ्याला फरक जाणवत नाही, टर्मिनलला जाणवतो. चिकटवल्यावर रेघा आणि अवतरणं खोडून स्वतः टाइप करा, मग एंटर.