बाटलीतल्या रोपात झिंक किती? लेकीच्या एमएस्सीबद्दल एका बागायतदार वडिलांना

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. रावेरकडे केळीची बाग, मुलगी जळगावला बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. प्रोजेक्टसाठी तिने बाटलीतल्या, म्हणजे ऊतीच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या (टिश्यूकल्चर) केळीच्या रोपांत झिंक, लोह, तांबं किती साठतं हा विषय घेतला आणि आता याच वाटेने एमएस्सी आणि पुढे संशोधन करायचं म्हणते. तुमचा प्रश्न असा की, टिश्यूकल्चरची रोपं तर आपण नर्सरीतून आणतोच, ती वाढवायला एवढं शिक्षण कशाला? नातेवाईक बीएड सुचवताहेत.

रोपं वाढवायला एमएस्सी लागत नाही, हे तुमचं बरोबर. तुमची मुलगी मात्र रोपाच्या आत काय गेलं ते मोजायचं म्हणते आहे. हे काम वेगळं आहे आणि त्याला शिक्षण लागतं.

जमिनीत झिंक आहे म्हणून ते पानात उतरलंच असं नसतं, हे पान परीक्षण करून घेणाऱ्या बागायतदाराला सांगायला नको. बाटलीतही तेच घडतं. बहुतेक लॅबमध्ये आजही मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९६२ साली दिलेलं माध्यम, म्हणजे रोपाला बाटलीत पोसणारं क्षारांचं मिश्रण, वापरतात. ते बसवलं होतं तंबाखूच्या ऊतींसाठी. त्यात लिटरला मँगनीज सल्फेट २२.३ मिलिग्रॅम, झिंक सल्फेट ८.६ मिलिग्रॅम आणि कॉपर सल्फेट फक्त ०.०२५ मिलिग्रॅम. तंबाखूला पुरलेलं हे प्रमाण केळीला, उसाला, गव्हाला तसंच पुरेल असं कोणी ठरवलं? सातू आणि गव्हाच्या ऊतींवर याचे प्रयोग झाले, तेव्हा तांबं वाढवल्यावर जास्त कोंब फुटलेले दिसले.

कॅल्शियमचं उदाहरण तर तुम्हाला लगेच पटेल. ते पाण्याच्या ओढीबरोबर वर चढतं. बंद बाटलीत हवा इतकी दमट असते की पानांतून पाणी फारसं उडत नाही. मग माध्यमात कॅल्शियम असूनही ते कोवळ्या शेंड्यापर्यंत पोचत नाही आणि शेंडा काळा पडून मरतो. पुष्कळ पिकांत बोरॉनचंही असंच होतं. बाहेरून खत वाढवून हे सुटेलच असं नाही. कधी बाटलीचं झाकण हवा खेळती राहील असं बदलावं लागतं. कारण नेमकं कुठे आहे, हे ऊतीत किती पोचलं ते मोजल्याशिवाय कळत नाही.

आणि हे मोजणं नाजूक आहे. मुळांना चिकटलेलं अगार (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) नीट धुतलं नाही, तर आकडा माध्यमाचा येतो, रोपाचा नाही. अगारमध्येही स्वतःचे क्षार असतात. बोरॉन मोजताना नेहमीची प्रयोगशाळेची काच वापरली तर काचेतलंच बोरॉन नमुन्यात उतरू शकतं. नमुना सुकवायचा, आम्लात विरघळवायचा, सोबत नमुन्याविना कोरी चाचणी लावायची, मग अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर वाचन घ्यायचं. हे ज्याच्या हातात बसतं त्याला माती-पाणी परीक्षण, अन्न तपासणी, खत आणि औषध कंपन्या, सगळीकडे दार उघडं असतं. पुण्याच्या आघारकर संस्थेने बन्सी गव्हाची एमएसीएस ४०२८ ही जात दिली, तिच्यात झिंक ४०.३ आणि लोह ४६.१ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). ती बाटलीत नाही, नेहमीच्या पैदाशीतून आली. पण दाण्यातलं झिंक-लोह असं मोजणारी माणसं नसती, तर तिचं वेगळेपण कळलंच नसतं.

म्हणून माझा आग्रह एकच: पदवीचं नाव बघून प्रवेश घेऊ नका, यंत्र बघून घ्या. ‘बायोटेक्नॉलॉजी’ अशी पाटी असलेल्या कितीतरी विभागांत विद्यार्थ्याला यंत्राला हातसुद्धा लावू देत नाहीत, नमुने बाहेर पाठवतात आणि आकडे वहीत उतरवतात. अशी दोन वर्षं वाया जातात, हे मला फार लागतं. तिच्याबरोबर विभागात जा. यंत्र चालू आहे का, विद्यार्थी ते स्वतः चालवतात का, हे शिक्षकांना विचारण्यापेक्षा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. घराजवळ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात रसायन आणि जीवशास्त्र एकाच आवारात आहेत, तिथून सुरुवात करा. तिने जीएटी-बी ही जैवतंत्रज्ञानाची प्रवेश परीक्षाही द्यावी; त्यातून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं पाठबळ असलेल्या एमएस्सीला प्रवेश आणि विद्यावेतन मिळतं. रसायनशास्त्र तिला आवडत नसेल, तर मात्र या विषयाच्या मागे लागू नये. हे तिला स्पष्ट विचारा.

पैशांचंही सांगतो. व्यावसायिक टिश्यूकल्चर लॅबमध्ये लॅमिनारवर (निर्जंतुक हवेच्या टेबलावर) बसून रोपं हाताळण्याचा पगार बेताचाच असतो, त्यासाठी एमएस्सी करू नये. संशोधनाची वाट लांब आहे, पीएचडीला पाच वर्षं सहज जातात. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीची दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे तुमच्यावर भार नाही. ती नाही मिळाली, तरी मोजायला शिकलेली मुलगी तपासणी प्रयोगशाळेत उभी राहू शकते. बीएडला माझा विरोध नाही, पण ते एमएस्सीनंतरही करता येतं, तेव्हा ते आत्ताच उरकायची घाई नको.

तिच्या प्रोजेक्टचे आकडे मला पाठवायला सांगा. कोरी चाचणी लावली होती का आणि रोपं कशी धुतली, हेही सोबत लिहावं.